अंगठ्याला उलट उत्तर नसते

सुज्ञ वाचकांस सविनय निवेदन असे की, पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली उतरण्याच्या विद्येतील एका नियमाचे, त्या नियमाच्या पायमल्लीचे आणि त्यापायी एका सासऱ्याच्या अंतःकरणात पेटलेल्या संतापाचे वर्णन पुढील कथेत करण्यात आले आहे. सदर सासरा म्हणजे प्रस्तुत लेखक होय. लिहिताना राग आवरण्याचा पुष्कळ प्रयत्न केला; तो सर्वत्र साधला आहे असे म्हणवत नाही.

मी व्यवसायाने शिंपी आहे. शाळेशी माझे फारसे जमले नाही, परंतु पुस्तकांशी जमले, आणि गंमत अशी की जन्मभर लोकांनी मला हाक मारली ती ‘मास्तर’ अशीच. माझी एकुलती एक लेक पाणबुडी विद्येत पारंगत झाली आणि त्याच विद्येची शाळा चालविणाऱ्या तरुणाशी तिने विवाह केला. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांची शाळा आहे. खाली दुकान, मागे हवा भरण्याचे धडधडणारे यंत्र, खारट पोशाख बुचकळून काढण्याचे भलेमोठे पिंप आणि वरच्या मजल्यावर वर्ग. तेथील रबरी पोशाख फाटले की दुरुस्तीस माझ्याकडे येत. ते काम वाटते तितके सोपे नाही. आधी डिंकासारखा चिकट पदार्थ लावून चीर मिटवावी लागते आणि मग सुई त्या जाड रबराच्या अर्ध्या जाडीपर्यंतच न्यावी लागते. सुई आरपार गेली की त्याच छिद्रातून थंड पाणी आत शिरते आणि गिऱ्हाईक तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करते.

एके दिवशी जावईबापू थट्टेने म्हणाले की, मास्तर, तुम्ही म्हणजे कधी लग्नाला न गेलेला आचारी; पोशाख शिवता, पण पाणी पाहिलेले नाही. ती थट्टा माझ्या जिव्हारी लागली. या वयात हे काय खूळ, असे सौभाग्यवतींनी बजावले, तरी मी नवशिक्यांच्या वर्गात नाव घातले. अशा रीतीने सासरा शिष्य आणि जावई गुरू, असा उफराटा संसार सुरू झाला.

न्यायास धरून सांगावयाचे तर जावईबापू शिकवीत फार उत्तम. फळ्यावर ते एक टाकी काढत आणि तिचे खडूने भाग पाडत. अर्धी हवा जाऊन फिरण्यासाठी. ती संपली की माघारी वळायचे. उरलेल्या अर्ध्यातली अर्धी परत येण्यासाठी. आणि अखेरचा पाव भाग आपला नाहीच, असे ते बजावीत. तो अडचणीचा आहे, अडचण आली नाही तर तो तसाच नावेवर परत आणायचा. मला हे पटकन उमगले, कारण आम्ही शिंपीही शिवणीच्या आत चार बोटे कापड राखून ठेवतो. त्याला आमच्यात माया म्हणतात. अंगरखा पुढे घट्ट झाला तर ती उसवायची असते. नवा अंगरखा बेतताना ती कापून टाकणारा शिंपी नव्हे, कसाई.

पाण्यात उतरण्याआधीच सर्व काही ठरवायचे, हाही त्यांचाच पाठ. किती खोल, किती वेळ, हवेचा काटा कुठे आला की वळायचे आणि कोणामुळे वळायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून वर्ग हसला होता. ज्याची हवा सर्वांत लवकर अर्धी होते तो त्या दिवसाचा राजा, असे ते म्हणाले. मग तो कितीही लठ्ठ असो, नवखा असो वा घाबरट असो. तो वळला की सगळे वळले.

आणि मग त्यांनी अंगठा वर केला.

“पाण्याखाली याचा अर्थ शाबास नव्हे,” ते म्हणाले. “याचा अर्थ, फिरणं संपलं, वर चला. हा कोणीही दाखवू शकतो, केव्हाही, कारण न सांगता. भांडण करायचं असेल तर वर येऊन करा. खाली या अंगठ्याला उलट उत्तर नसतं. उत्तर एकच, आपलाही अंगठा.”

हे वाक्य मला इतके आवडले की कापड आखण्याच्या खडूने मी ते शिलाई यंत्रावरच्या भिंतीवर लिहून ठेवले. लोकांना ते सुविचार वाटे. एका बाईंनी तर विचारले की हे कोण्या संतांचे आहे काय. मी अभिमानाने सांगितले की हे आमच्या जावयाचे आहे.

पोहण्याच्या तलावातील धडे संपवून मी प्रथमच समुद्रात उतरलो तो दिवस निरभ्र होता. आम्ही पाच जण होतो. पुढे जावईबापू, त्यांच्यामागे दातांचे डॉक्टर आणि त्यांचे मेहुणे ही गिऱ्हाईक मंडळी, मग मी आणि माझ्याशेजारी जोडीदार म्हणून माझी लेक. खडकांच्या एका रांगेच्या कडेने जायचे आणि पहिल्याचा काटा अर्ध्यावर आला की परत फिरायचे, असे नावेवर ठरले होते. पाण्याखालचे सौंदर्य वर्णन करण्यास माझी लेखणी समर्थ नाही. शिवाय मी ते नीट पाहिलेही नाही. माझे ध्यान काट्यावर होते. माझे पोट सुटलेले, श्वास धापा टाकल्यासारखा, त्यामुळे राजा कोण होणार हे सर्वांना ठाऊकच होते.

काटा अर्ध्यावर आला. मी नियमाप्रमाणे पुढे जाऊन अंगठा वर केला.

जावईबापूंनी तो पाहिला. मग त्यांनी आपला पंजा माझ्यासमोर धरला. थांबा.

मला वाटले, त्यांना दिसले नसेल. मी पुन्हा अंगठा दाखवला. त्यांनी पुन्हा पंजा दाखवला आणि डॉक्टरांना पुढच्या कपारीकडे बोट केले, कारण तेथे म्हणे मोठाले चपटे मासे वस्तीला असतात. माझा काटा आणखी खाली उतरला तेव्हा ते जवळ आले, आपल्या टाकीची जादा नळी माझ्या तोंडात दिली आणि मला काखेत धरून पुढे ओढत निघाले. ही जादा नळी कशासाठी असते, हे त्यांनीच फळ्यावर शिकवले होते. एखाद्याची हवा संपली तर त्याला ती देऊन तत्काळ वर न्यायचे. बाजारात एकाच पिशवीतून दोघांनी चणे खात हिंडावे तसे हिंडण्यासाठी ती नव्हे. एका टाकीवर दोन माणसे जगत होती आणि त्यांपैकी एक मी होतो, बैलासारखा श्वास घेणारा.

मासे दिसले. डॉक्टरांनी छायाचित्रे काढली. मग वर निघालो तेव्हा मला माझ्याच टाकीवर परत सोडण्यात आले. पृष्ठभागाच्या थोडे खाली काही वेळ थांबावे लागते. खोलीवर रक्तात मुरलेला वायू तेथे सावकाश बाहेर पडतो, घाई केली तर तो अंगात बुडबुड्यांसारखा फसफसतो. आम्ही दोराला धरून थांबलो आणि तेथे मी पाहिले की जावईबापूंनी लेकीकडे वळून गळ्यावरून आडवा हात फिरवला. त्यांची हवा संपली होती. माझ्याकडे मागण्यात त्यांना कमीपणा वाटला असावा. तिने क्षणाचाही विलंब न करता आपली जादा नळी त्यांच्या तोंडात दिली. तिचा काटा माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता. तो लाल रेषेत शिरला आणि तेथेही थांबेना. थांबण्याची वेळ पुरती न होताच आम्ही वर आलो.

नावेवर चढताच जावईबापूंनी तोंडावरचे पाणी निपटले आणि हसून म्हणाले, “आमच्या सासरेबुवांना दोन टाक्या लागतात. एक स्वतःची, एक जावयाची.”

डॉक्टर हसले, त्यांचे मेहुणे हसले, नावाडीसुद्धा हसला. माझी लेकही हसली. वाचकहो, बाकीच्यांचे हसणे मी पोटात घातले असते. तिचे हसणे पोटात घालवेना. माझ्या डोळ्यांपुढे तो लाल रेषेतला काटा होता आणि ती हसत होती.

घरी आल्यावर मी सौभाग्यवतींना सर्व सांगितले. त्यांचे म्हणणे असे की, जावयाला तोंडावर बोलायचे नसते. आपले तोंड उघडायचे, आणि भोगायचे पोरीने. मी तोंड मिटले. परंतु मिटल्या तोंडाने राग मरत नाही, तो नाकाने बाहेर येतो. त्या आठवड्यात मी तीन गिऱ्हाइकांवर खेकसलो आणि एका निरपराध पाटलोणीचा पाय उलटा जोडला.

शेवटी दुरुस्त केलेले पोशाख पोचवण्याच्या निमित्ताने मी दुकानी गेलो. जावईबापू नळ्या पिंपात बुडवून धूत होते. मी शक्य तितक्या सौम्य शब्दांत विचारले की, आपण वर्गात शिकवता ते आणि त्या दिवशी केलेत ते, यांचा मेळ कसा घालावा. त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरे झाले असते. एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तसे ते माझी समजूत घालू लागले. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा होता की, नियम हे नवशिक्यांसाठी असतात. इतकी वर्षे झाली, कधी कोणाचे नख दुखले नाही. आणि गिऱ्हाईक मासा बघायला येते, काटा बघायला नव्हे. एक जण लवकर धापा टाकतो म्हणून चौघांची मजा घालवली, तर उद्या शाळेला कुलूप लावावे लागेल.

“आणि तिची हवा?” मी म्हणालो.

“तिला हवा कमी लागते, मास्तर. तिच्याकडे नेहमी उरते.”

उरते म्हणे. जणू ती उरण्यासाठीच उरत होती. मी पोशाख टांगले, दुकानाच्या पायऱ्या उतरलो आणि त्या रात्री भिंतीवरचे वाक्य ओल्या फडक्याने पुसून टाकले.

पुढील सुटीच्या दिवशी बुडालेल्या जहाजावर जाण्याचा बेत ठरला. ते जहाज सरळ उभे बसलेले आहे; त्याचा वरचा डेक माझ्यासारख्या नवशिक्यालाही गाठता येतो, परंतु त्याचा तळ बराच खोल आहे. खोली वाढली की पाण्याचा दाब वाढतो आणि तोच एक श्वास टाकीतली कितीतरी जास्त हवा ओढून नेतो. डॉक्टर, त्यांचे मेहुणे आणि आणखी एक पाहुणे यांना घेऊन जावईबापू तळाशी जाणार होते. मला लेकीबरोबर वरच्या डेकवर हिंडायचे होते. मी जाण्यास होकार दिला तो जहाज पाहण्याच्या हौसेने नव्हे. मी सोबत असलो तर निदान तिच्यावर लक्ष राहील, असा माझा भोळा विचार होता.

नाव जहाजाच्या जागी तरंगणाऱ्या खुणेला बांधली गेली. आम्ही पोशाख चढवले, टाक्या बांधल्या, पायांत पोहण्याचे रबरी पंखे घातले. जावईबापू प्लास्टिकच्या पाटीवर बेत मांडू लागले. खोली सांगितली, वेळ सांगितला. काटा कुठे आला की वळायचे ते सांगितले नाही. डॉक्टरांनी विचारले की, मागे एकदा आमच्या मेहुण्यांची हवा जरा लवकर गेली होती, त्याचे काय.

“काळजी करू नका,” जावईबापू म्हणाले. “मी आहे. आणि मलाही कमी पडली तर वर डेकवर मॅडम आहेतच, त्यांची टाकी जवळजवळ भरलेलीच असते.”

तेव्हा मला सर्व स्वच्छ दिसले. त्या दिवशी घडले तो अपघात नव्हता, ती रीत होती. फळ्यावरचा अडचणीचा पाव भाग त्यांनी कधीच पुसून टाकला होता, आणि त्याच्या जागी माझी लेक मांडली होती.

मी माझा कंबरपट्टा सोडला. बुडण्यासाठी त्यात अडकवलेली शिशाची वजने लाकडी फळीवर दाणकन आपटली आणि सगळे वळून पाहू लागले.

“मी उतरत नाही,” मी म्हणालो.

त्यांनी विचारले, बरे वाटत नाही काय. मी म्हणालो, उत्तम वाटते आहे. मग कारण काय, असे त्यांनी विचारताच मी त्यांचाच पाठ त्यांना म्हणून दाखवला, की कारण सांगावे लागत नाही. आणि दुसराही पाठ म्हणून दाखवला: जोडीदार उतरला नाही तर त्याची जोडही उतरत नाही.

जावईबापूंच्या कपाळावर प्रथमच आठी पडली. चार माणसांत मी त्यांचा पाणउतारा केला होता, हे मी जाणून होतो. खरे सांगतो, मला त्याचा आनंदही झाला. ते शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. मास्तर नावेवर बसतील. ती माझ्याबरोबर तळाला येईल.”

मी उभा राहिलो. काय करणार होतो, मलाच ठाऊक नाही. बहुधा तिच्या टाकीवर जाऊन बसलो असतो. परंतु लेकीने माझ्याकडे असे पाहिले की मी पुन्हा खाली बसलो. मग ती नवऱ्याकडे वळली.

“तळाशी मी अंगठा दाखवला तर?” तिने विचारले.

“तू कशाला दाखवशील?”

“दाखवला तर.”

“अगं, तुला कळतं ना, कधी दाखवायचा आणि कधी नाही ते.”

ती काही वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या अवधीत त्यांनी एक अंगठा वर केला असता तरी पुरे होते; शब्दही लागत नव्हता. त्यांनी पाटीवरचे पाणी पुसले. तेव्हा तिने खांद्यावरचे पट्टे सैल केले, टाकी उतरवून तिच्या खाचेत उभी केली आणि दोर घट्ट बांधला. गिऱ्हाइकांना तिने सांगितले की आज बेत रद्द. एका मार्गदर्शकावर तीन जणांना इतक्या खोल नेता येत नाही. पाहुणे कुरकुरले. डॉक्टरांनी आधी जावईबापूंकडे पाहिले, मग आपल्या मेहुण्यांकडे, आणि गुपचूप पायातले पंखे काढले.

मला वाटले होते की धक्क्यावर उतरताच लेक माझ्या गळ्यात पडेल. ती माझ्यासमोर उभी राहिली ती डोळ्यांत अंगार घेऊन.

“बाबा, माझ्या टाकीचं मला बोलता येत नाही, असं वाटलं तुम्हाला?”

मी म्हणालो की, त्या दिवशी तू हसलीस.

“चार माणसांत नवऱ्याचं तोंड पडू नये म्हणून हसले. घरी गेल्यावर काय झालं ते तुम्ही विचारलंत? चार दिवस आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. आज मीच थांबवणार होते. तुम्ही आधी पट्टा आपटलात आणि मग ते सासरा-जावयाचं भांडण झालं. माझं राहिलंच नाही.”

ज्या हवेसाठी मी भांडलो ती तिची होती, आणि त्यांनी जसे तिला न विचारता ती वापरली, तसे मीही तिला न विचारता ती वाचवली. माझा राग खोटा नव्हता, अद्यापही नाही. परंतु त्याचा बेत मी एकट्याने कापला होता, आणि माप ज्याचे त्यालाच विचारावे, हा तर आमच्या धंद्याचा पहिला धडा.

पुढे काय करायचे ते तिने ठरवले. नवऱ्याला तिने एकच अट घातली: अंगठ्याला अंगठ्यानेच उत्तर द्यायचे, हे त्यांनी विद्यार्थ्यांसमोर पाण्यात करून दाखवावे. ती पुरी होईपर्यंत ती समुद्रात त्यांच्यासोबत पाऊल टाकणार नव्हती, आणि तिच्यावाचून शाळा चालत नव्हती. जावईबापूंनी थोडे दिवस ताणून पाहिले. मग एका सकाळी मला तलावावर बोलावणे आले.

नव्या वर्गाचे विद्यार्थी काठावर बसले होते. पाण्यात आम्ही तिघेच उतरलो. तलाव तो, खोली ती किती. पण जावईबापू आणि मी तळाशी गुडघे टेकून समोरासमोर बसलो तेव्हा काचेआडून त्यांचे डोळे मला स्पष्ट दिसत होते, आणि त्यांना माझे. दोघांच्याही डोळ्यांत काही गोड नव्हते. लेकीने मला खूण केली. मी अंगठा वर केला.

त्यांचा हात उचलला गेला, पंजा उघडू लागला. सवय ती, एका दिवसात जाते थोडीच. मग त्यांनी बोटे मिटली, अंगठा वर केला आणि आम्ही सावकाश वर आलो. डोके बाहेर काढताच ते काहीतरी बोलू पाहत होते. बहुधा विनोदच असावा, कारण काठावर विद्यार्थी बसले होते.

“पुन्हा,” लेक म्हणाली.

आम्ही पुन्हा खाली गेलो. अंगठा, अंगठा, वर. पुन्हा. काही वेळाने तिने मला बाजूला सारले आणि माझ्या जागी ती स्वतः बसली. मी वरून तरंगत पाहत होतो. तिने अंगठा वर केला. या वेळी त्यांचा पंजा उघडला नाही. तिचा हात पुरता वर जाण्याआधीच त्यांचा अंगठा वर आला होता. तरी वर येऊन श्वास घेताच ती म्हणाली, “पुन्हा.”

जावईबापू माझ्याशी अजून मोजकेच बोलतात. फाटके पोशाख ते स्वतः आणत नाहीत, नावाड्याच्या हाती पाठवतात. मीही ते शिवून देतो, सुई अर्ध्याच जाडीपर्यंत नेतो, आणि प्रत्येक पोशाखाबरोबर माझा थोडा रागही आत शिवला जातो, हे लपवीत नाही. परवा लेक माझ्या दुकानात आली. भिंतीवरची पुसट जागा पाहून तिने मेजावरचा खडू उचलला आणि ते वाक्य तिच्या अक्षरात पुन्हा लिहिले. कोणाचे आहे असे आता कोणी विचारले, तर मी तिचे म्हणून सांगतो.

येथवर ज्यांनी धीर धरून वाचले त्या सर्वांचे मनःपूर्वक आभार मानून, आणि भाषेत काही उणे-अधिक झाले असल्यास पदरात घ्यावे अशी विनंती करून लेखणी खाली ठेवतो.

आपला नम्र,
टेलरमास्तर